गणितात ७७०, वाचन-लेखनात ६१०: सॅटच्या इंग्रजी विभागाचे गुण कसे वाढवावेत?

शेवंती | १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिने ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सॅट, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा, दिली. गणितात ७७० आणि वाचन-लेखनात ६१० गुण मिळाले. तिचा जन्म येथलाच, बालवाडीपासूनचे शिक्षण इंग्रजीतून, घरीसुद्धा ती आमच्याशी निम्म्याहून अधिक वेळ इंग्रजीतच बोलते; मग गणितात चमकणारी मुलगी इंग्रजीतच का अडते, हे आम्हाला उमगत नाही.

उन्हाळ्यात एका शिकवणीवर्गात आठ आठवडे घातले. तेथे दर शनिवारी पूर्ण सराव परीक्षा घेत, गुण सांगत आणि मुलांना घरी पाठवत. पहिल्या सरावात ६०० होते, शेवटच्या सरावात ६२०. यजमानांचे निदान असे की शब्दसंग्रह तोकडा आहे, म्हणून सध्या आमच्या फ्रिजच्या दारावर शब्दांच्या याद्या लटकत आहेत. मुलीचे म्हणणे वेगळे आहे. ती म्हणते, "दोन पर्याय सहज बाद होतात, उरलेल्या दोहोंतला मी नेमका चुकीचा निवडते." डिसेंबरमध्ये पुन्हा बसायचे आहे. ज्यांच्या मुलांनी यातून वाट काढली आहे किंवा जे हा विषय शिकवतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना जीआरईवाला | १४ सप्टेंबर २०२५

आपल्या यजमानांची बाजू घेणारा एक तरी प्रतिसाद असावा, म्हणून लिहितो. आमच्या पिढीने जीआरईसाठी, म्हणजे अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेसाठी, साडेतीन हजार शब्द घोकले, लोकलच्या डब्यात उभ्याने घोकले, आणि त्यातले बरेचसे आजही आठवतात. शब्द ठाऊक नसेल तर उतारा कळणारच कसा? रोज वीस शब्द पाठ करायला लावा. तीन महिन्यांत फरक दिसेल.

खडूफळा | १५ सप्टेंबर २०२५

मी पूर्वी नागपूरला इंग्रजी शिकवत असे आणि गेली बारा वर्षे टेक्सासमध्ये शाळकरी मुलांची सॅटची तयारी करून घेतो. जीआरईवाले साहेब, आपल्या मेहनतीचा पूर्ण आदर राखून सांगतो की ज्या परीक्षेसाठी आपण ते शब्द घोकले, ती परीक्षा आता उरलेली नाही. सॅटमधून शब्दांच्या साधर्म्याचे प्रश्न २००५ मध्ये गेले आणि जीआरईमधून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्ये गेले. शब्दांवर प्रश्न आजही येतात, परंतु ते वाक्यातील अर्थावर येतात आणि तेथे बहुधा अडचण अनोळखी शब्दाची नसून ओळखीच्या शब्दाच्या अनोळखी अर्थाची असते. 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे पात्र व्यक्तीचा पाठिंबा नव्हे, तर हातचे राखून, अटी घालून दिलेला पाठिंबा. 'अरेस्ट' म्हणजे अटक हे सगळ्यांना ठाऊक असते, पण रोगाची वाढ 'अरेस्ट' झाली म्हणजे थांबली. फ्रिजवरच्या यादीत 'अरेस्ट' कधीच नसतो, कारण तो तर पाचवीतल्या मुलालाही येतो. शेवंतीताई, त्या याद्या फाडू नका, पण त्यांच्यावर विसंबूही नका.

आता परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगतो, कारण अनेक पालकांच्या डोळ्यांसमोर अजून जुनी कागदी परीक्षा असते. भारतासह अमेरिकेबाहेर ती मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून संगणकावर, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये होते. वाचन आणि लेखन हा एकच विभाग आहे; त्याचे ३२ मिनिटांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागात २७ प्रश्न असतात. कागदी परीक्षेत पाचशे-साडेसातशे शब्दांचे उतारे आणि प्रत्येकावर दहा-अकरा प्रश्न असत. आता उतारा २५ ते १५० शब्दांचा असतो आणि त्यावर एकच प्रश्न असतो. पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसरा भाग सोपा मिळणार की अवघड, हे ठरते, आणि सोपा भाग मिळाला तर वरचे गुण हाताबाहेर जातात. म्हणून पहिल्या भागातली घाई सर्वांत महाग पडते. नावात लेखन असले तरी निबंध नाही. ऐच्छिक निबंध २०२१ मध्येच बंद झाला, आता 'लेखन' म्हणजे व्याकरण, विरामचिन्हे, जोडशब्द (वाक्यांचा संबंध दाखवणारे 'हाउएव्हर'सारखे शब्द) आणि टिपणांवरून हेतूला साजेसे वाक्य निवडणे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपल्या मुलीने स्वतःच अचूक निदान केलेले आहे. दोन पर्याय उरतात आणि ती चुकीचा निवडते. असे का होते, हे दाखवण्यासाठी मी एक उतारा येथे रचून देतो. "एका बेटावरील मच्छीमारांनी जाळ्यांची भोके पूर्वीपेक्षा मोठी ठेवायला सुरुवात केली. त्यानंतरच्या दोन हंगामांत जाळ्यात सापडणाऱ्या लहान माशांची संख्या बरीच घटली, परंतु मोठ्या माशांची संख्या जवळपास पूर्वीइतकीच राहिली." यावरून काय निष्पन्न होते, असा प्रश्न आहे. एक पर्याय म्हणतो की मच्छीमारांचे उत्पन्न वाढले. दुसरा म्हणतो की समुद्रातील माशांची संख्या वाढली. तिसरा म्हणतो की लहान मासे पकडल्याने सागरी जीवनाची हानी होते. चौथा म्हणतो की जाळी बदलल्यामुळे मोठ्या माशांच्या पकडीवर फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

हुशार मुले पहिला आणि दुसरा पर्याय लगेच बाद करतात. उरतात तिसरा आणि चौथा. तिसरा जगात खरा आहे, शाळेत शिकवलेला आहे, शहाणपणाचा वाटतो; चौथा अगदीच पुळचट वाटतो, जणू उताऱ्यातलेच वाक्य फिरवून लिहिले आहे. पण उताऱ्यात हानीबद्दल एक अक्षरही नाही. उत्तर तोच पुळचट चौथा पर्याय. परीक्षक 'जगात काय खरे आहे' असे कधीही विचारत नाही, या उताऱ्यातल्या शब्दांच्या बळावर काय सिद्ध होते एवढेच विचारतो. गणितात ७७० मिळवणाऱ्या मुलीला हे एका उदाहरणात समजेल. भूमितीत आकृती पाहून कोन काटकोन 'दिसतो' म्हणून ती तो काटकोन धरत नाही, दिलेले असेल तरच धरते. येथेही तेच पथ्य आहे.

कामाची पद्धत सांगतो. सराव परीक्षांचा मारा ताबडतोब थांबवा. तिने एक वही घालावी. चुकलेला प्रत्येक प्रश्न, आणि अंदाजाने बरोबर आलेला प्रत्येक प्रश्नसुद्धा, तीन दिवसांनी पुन्हा सोडवावा आणि वहीत लिहावे की मी निवडलेल्या पर्यायातील नेमका कोणता शब्द उताऱ्याच्या पलीकडे गेला. 'सिली मिस्टेक' हे शब्द वहीत लिहायला बंदी असावी, कारण त्यांनी काहीच कळत नाही. 'ऑल', 'ओन्ली', 'प्रूव्ह्ज' अशा एका टोकाच्या शब्दामुळे पर्याय मोडला, की उताऱ्यात 'काही' असताना पर्यायाने 'बहुतेक' म्हटले, की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली, की उताऱ्यात दुसऱ्या कोणाचे मत होते आणि पर्यायाने ते लेखकाच्या गळ्यात घातले, असे नेमके कारण हवे. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की त्यांतून आपली खोड दिसू लागते. बहुतेक मुलांच्या खोडी दोन किंवा तीनच असतात. माझ्याकडच्या मुलांमध्ये ज्यांचे गुण वाढले ते बहुतेक या वहीमुळे वाढले, आणि जी वही लिहायला कंटाळली त्यांचे गुण जागचे हलले नाहीत.

मधला बाक | १५ सप्टेंबर २०२५

मी पुण्यातून दोन वर्षांपूर्वी ही परीक्षा दिली. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी शाळेत होतो. ५७० वरून ६९० पर्यंत पोहोचलो, म्हणून वेळेच्या नियोजनाविषयी दोन शब्द लिहितो.

३२ मिनिटांत २७ प्रश्न, म्हणजे प्रत्येकाला सुमारे ७१ सेकंद मिळतात. परंतु सगळ्या प्रश्नांना सारखा वेळ द्यायचा नसतो. प्रत्येक भागातील क्रम ठरलेला असतो. आधी शब्दार्थ आणि उताऱ्याची रचना, मग मध्यवर्ती आशय, पुरावा आणि अनुमान, त्यानंतर व्याकरण-विरामचिन्हे, आणि शेवटी जोडशब्द व टिपणांचे प्रश्न. माझे सगळे मिनिट अनुमानाच्या प्रश्नांवर खर्च होत आणि शेवटचे सहा-सात प्रश्न, जे खरे तर सर्वांत सोपे असत, ते मी आंधळेपणाने टिचकी मारून सोडवत असे. एका भागाच्या आत पुढे-मागे जाता येते, म्हणून मी क्रम बदलला. शब्दार्थाचे प्रश्न झाले की थेट व्याकरणावर उडी, तेथून शेवटपर्यंत, आणि उरलेल्या वेळात मागे येऊन अनुमान आणि पुराव्याचे प्रश्न. ६३० ते ६९० हा टप्पा मला केवळ या बदलामुळे गाठता आला, असे मी मानतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

टिपणांच्या प्रश्नात आधी खालचे वाक्य वाचावे, म्हणजे विद्यार्थ्याला काय साधायचे आहे ते कळते. चारही पर्यायांतील माहिती खरीच असते. ज्यात तो हेतू साधतो तेवढाच पर्याय बरोबर. दोन गोष्टींतील साम्य सांगायचे असेल आणि पर्याय फरक सांगत असेल, तर टिपणे वाचण्याचीही गरज उरत नाही.

सह्याद्रीपार | १६ सप्टेंबर २०२५

आम्ही ओहायोत आहोत. आमच्या मुलाने एसीटी ही सॅटऐवजी देता येणारी दुसरी प्रवेशपरीक्षा दिली, तिचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितो. २०२५ पासून तिचे स्वरूप बदलले आहे. इंग्रजीचे ५० प्रश्न ३५ मिनिटांत, वाचनाचे ३६ प्रश्न ४० मिनिटांत, आणि विज्ञान आता ऐच्छिक. तेथे उतारे लांब असतात आणि एका उताऱ्यावर अनेक प्रश्न असतात. लांब मजकुरात ज्यांचे मन रमते, पण दर मिनिटाला विषय बदलला की जे भांबावतात, त्यांनी ती एकदा घरी सोडवून पाहावी. आणखी एक विचारतो. आता बरीच विद्यापीठे हे गुण मागत नाहीत, मग एवढा आटापिटा कशासाठी?

खडूफळा | १६ सप्टेंबर २०२५

सर्वांसाठी एकच उत्तर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखा प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाहीत. उलट एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये गुण देण्याची अट परत आणली, त्यापाठोपाठ हार्वर्ड, ब्राउन आणि कॅलटेक यांनीही. यादी करून प्रत्येक विद्यापीठाचे चालू वर्षाचे धोरण पाहावे. शेवंतीताईंसाठी एक गोष्ट मात्र तातडीची आहे. मुलगी अकरावीत असल्याने ऑक्टोबरमधील पीएसएटी, म्हणजे सॅटची पूर्वपरीक्षा, हीच तिची नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठीची परीक्षा. त्या शिष्यवृत्तीसाठी ज्या आकड्यावरून निवड होते, त्या निवड निर्देशांकात वाचन-लेखनाचे गुण दुप्पट धरले जातात आणि गणिताचे एकपट. गणितात कितीही पुढे असले तरी तेथे इंग्रजीच निर्णायक ठरते.

तळटीप | १७ सप्टेंबर २०२५

मी मुंबईत तीस वर्षे मुद्रितशोधन केले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. आता सेवानिवृत्त आहे. नातवासाठी या परीक्षेचे नमुने पाहिले तेव्हा एक गोष्ट जाणवली, ती येथे सविस्तर लिहितो. व्याकरणाचे जे प्रश्न मराठी घरातल्या मुलांचे चुकतात, त्यांतले काही तरी घरात ऐकलेल्या मराठी वळणांमुळे चुकत असावेत, आणि तेच प्रश्न मराठीच्या आधारे उत्तम समजावताही येतात.

पहिले उदाहरण स्वल्पविरामाचे. "पाऊस थांबला, मुले अंगणात आली." मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम चालत नाही. पूर्णविराम, अर्धविराम किंवा स्वल्पविरामासह 'अँड', 'बट' असे अव्यय लागते. ही चूक या परीक्षेत पुन्हा पुन्हा विचारली जाते. येथे एक हातचलाखी सांगतो. चार पर्यायांत एकाच जागी एकात पूर्णविराम आणि दुसऱ्यात अर्धविराम असेल, आणि बाकी शब्द तेच असतील, तर दोन्ही बहुधा चूक असतात, कारण त्या जागी दोहोंचे काम सारखेच असते आणि उत्तर तर एकच असू शकते.

दुसरे उदाहरण 'हाउएव्हर' या शब्दाचे. मुलांना वाटते की 'बट' आणि 'हाउएव्हर' एकच. त्यांना मराठीत विचारावे की 'पण' आणि 'मात्र' एकाच जागी बसतात का? "पाऊस पडला, पण रस्ते कोरडे राहिले" येथे 'पण' दोन वाक्यांना जोडतो आणि त्याची जागा हलत नाही. "पाऊस पडला. रस्ते मात्र कोरडे राहिले" येथे 'मात्र' वाक्याच्या आत फिरतो, पण दोन वाक्यांना जोडण्याचे काम करत नाही, म्हणूनच मध्ये पूर्णविराम हवा असतो. 'हाउएव्हर' हा इंग्रजीतला 'मात्र' आहे. परीक्षक अर्धविराम कधी 'हाउएव्हर'च्या आधी ठेवतो, कधी नंतर, आणि विचारतो एवढेच की हा विरोध मागच्या वाक्याचा आहे की पुढच्या. ते ठरवण्यासाठी मागच्या वाक्याच्याही आधीचे वाक्य वाचावे लागते, आणि घाईतली मुले नेमके तेच वाचत नाहीत.

तिसरे उदाहरण लोंबकळणाऱ्या विशेषणाचे. "शाळेत जाताना पावसाने मला भिजवले" या वाक्यात शाळेत मी जात होतो, पाऊस नव्हे, हे मराठी वाचकाला आपोआप कळते आणि कोणी हरकत घेत नाही. तेच वाक्य इंग्रजीत "वॉकिंग टू स्कूल, द रेन ड्रेन्च्ड मी" असे लिहिले, तर पाऊस दप्तर घेऊन शाळेला निघाला असा अर्थ होतो. इंग्रजीत अशा प्रारंभानंतर स्वल्पविरामाला लागून तोच कर्ता यावा लागतो ज्याने ती क्रिया केली. उत्तर शोधताना पूर्ण वाक्य वाचण्याचीही गरज नाही. स्वल्पविरामानंतरचा पहिला नामशब्द पाहावा आणि विचारावे की शाळेत हा चालला होता का?

षष्ठीच्या चिन्हाबद्दलही (अपॉस्ट्रॉफीबद्दल) थोडे सांगतो, कारण ते मला स्वतःला फार गोड वाटते. इंग्रजीत 'स्टुडंट्स' या शब्दात ते वरचे टिंब एसच्या आधी की नंतर, यावर मुले गोंधळतात. मराठीत तोच फरक एका अनुस्वारावर आहे. 'विद्यार्थ्याचे पुस्तक' आणि 'विद्यार्थ्यांचे पुस्तक'. ज्या मुलाला हा अनुस्वार ऐकू येतो, त्याला आधी एक की अनेक हे ठरवायला शिकवावे. चिन्हाची जागा मग चुकत नाही.

दोन स्वल्पविराम किंवा दोन अपसारण चिन्हे (डॅश) कंसासारखी जोडीने येतात, एका बाजूला रेष आणि दुसऱ्या बाजूला स्वल्पविराम असे चालत नाही, आणि अपूर्णविरामाच्या (कोलनच्या) आधीचे वाक्य स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे, एवढे दोन नियम आणखी लक्षात ठेवले तर विरामचिन्हांचे बहुतेक प्रश्न सुटतात. हा विभाग पाठांतराने सुधारणारा आहे. कष्टाचे फळ सर्वांत आधी येथेच दिसते.

जुना जीआरईवाला | १७ सप्टेंबर २०२५

'मात्र'चे स्पष्टीकरण वाचून मी माझे गेल्या वर्षभराचे कार्यालयीन ईमेल उघडून पाहिले. जवळजवळ प्रत्येक 'हाउएव्हर'च्या आधी स्वल्पविराम आहे. साडेतीन हजार शब्द घोकताना हे कोणी सांगितले नव्हते.

शेवंती | ५ ऑक्टोबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत काय केले, ते कळवते. वही सुरू झाली. पहिल्या आठवड्यात प्रत्येक नोंद 'नीट वाचले नाही' अशीच होती, त्यामुळे ती खडूफळा यांच्या प्रतिसादातले निकष समोर ठेवून पुन्हा लिहायला लावली. आता बत्तीस नोंदी आहेत आणि त्यांतील अकरा एकाच खोडीच्या आहेत. उताऱ्यात जे म्हटले आहे त्याच्या एक पाऊल पुढचे ती निवडते.

यावर एक उपाय अनपेक्षितपणे सापडला. माझ्या सासूबाई नाशिकला असतात. आमच्या सकाळचे सात म्हणजे त्यांच्या दुपारचे साडेचार, चहाची वेळ, आणि रोज तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. एके दिवशी मुलगी चुकलेल्या प्रश्नावरून चिडलेली होती, तेव्हा आजींनी विचारले की तो उतारा तरी काय होता. तिने आपल्या मोडक्या मराठीत तो सांगितला आणि शेवटी स्वतःचे उत्तरही सांगितले. त्यावर आजी म्हणाल्या, "हे त्यात लिहिलंय का तुला वाटतंय?" तिच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून रोज दोन उतारे आजींना सांगितले जातात. मोडक्या मराठीत सांगायचे असल्यामुळे इंग्रजीतली भारदस्त वाक्ये जशीच्या तशी उचलता येत नाहीत. आशय समजलेला असेल तरच सांगता येतो. नाही समजला तर तिसऱ्याच शब्दाला गाडी अडते.

मधला बाक | ५ ऑक्टोबर २०२५

हा उपाय मला आवडला, पण एक सावधगिरी सुचवतो. सरावात मराठीतून सांगणे ठीक आहे. परीक्षेच्या खोलीत मनात भाषांतर करायला वेळ नसतो. मी सुरुवातीला प्रत्येक उतारा मनात मराठीत आणत असे आणि त्यापायीच माझी वेळ संपत असे. परीक्षेच्या महिनाभर आधी ही सवय सोडवावी लागते.

खडूफळा | ६ ऑक्टोबर २०२५

मधला बाक यांच्याशी अंशतः सहमत आहे. ज्याचे विचार मराठीत चालतात त्याच्यासाठी ही सूचना योग्य आहे. शेवंतीताईंच्या मुलीचे विचार इंग्रजीतच चालतात. तिच्यासाठी मराठी ही चाळणी आहे, कुबडी नव्हे. आजींचा प्रश्न मी माझ्या वर्गात फळ्यावर लिहून ठेवणार आहे, त्यांची परवानगी आहे असे गृहीत धरतो.

आता सरावाच्या साहित्याबद्दल. ब्लूबुकमधील अधिकृत सराव परीक्षा मोजक्याच आहेत. आपल्या शिकवणीवर्गाने दर शनिवारी एक याप्रमाणे त्या उधळल्या असतील तर त्यातल्या दोन तरी न सोडवलेल्या उरल्या आहेत का, ते पाहा. त्या नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. रोजच्या सरावासाठी कॉलेज बोर्डाची, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, प्रश्नपेढी वापरा. तेथे प्रश्नप्रकार आणि काठिण्यपातळी निवडता येते आणि सराव परीक्षांमध्ये असलेले प्रश्न वगळताही येतात. खान अकादमी या शैक्षणिक संकेतस्थळावरील अधिकृत सराव विनामूल्य आहे आणि व्याकरणासाठी तो पुरेसा आहे. इतरांनी रचलेले प्रश्न व्याकरणाला चालतात. वाचनाला मात्र जपून वापरावेत, कारण चुकीचा पर्याय काटेकोरपणे चुकीचा करणे हे फार अवघड काम आहे आणि ढिसाळ प्रश्नांवर सराव केला की मुले दोन उत्तरे बरोबर असू शकतात असे मानू लागतात.

आणि वाचन. तीन महिन्यांत वाचनाची आवड लावता येत नाही, तो दहा वर्षांचा उद्योग आहे. परंतु रोज वीस मिनिटे विज्ञानविषयक एक लेख आणि आठवड्यातून दोनदा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गद्याची दोन पाने एवढे जमते. या परीक्षेत जुने साहित्य हमखास येते आणि त्या काळातील लांबलचक वाक्यांत कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला असते. तेथे क्रियापद आधी शोधावे. मराठी मुलांना हे जड जाऊ नये, आपले क्रियापद शेवटीच असते.

शेवंती | २१ डिसेंबर २०२५

धागा वर काढत आहे. डिसेंबरच्या परीक्षेचे गुण आले. वाचन-लेखनात ६७०, गणितात ७८०. घरी नोव्हेंबरमध्ये राखून ठेवलेल्या दोन सराव परीक्षांत ६६० आणि ७०० आले होते, त्यामुळे ७०० ची आशा लावून बसलेली मुलगी थोडी हिरमुसली. यजमानांनी याद्या उतरवल्या आहेत. फ्रिजचे दार बऱ्याच दिवसांनी दिसले.

अहवालात कोणते प्रश्न चुकले हे दाखवत नाहीत, फक्त चार विषयगटांतील कामगिरीच्या पट्ट्या दिसतात. व्याकरणाची पट्टी पूर्ण भरलेली आहे, तळटीप यांचे त्यासाठी विशेष आभार. अनुमान आणि पुरावा यांची पट्टीही ऑगस्टपेक्षा लांब झाली. सर्वांत तोकडी पट्टी शब्दार्थ आणि रचना या गटाची आहे. तिच्या आठवणीप्रमाणे एक कविता आणि एक जुन्या कादंबरीतील उतारा यांवर ती बराच वेळ अडकली. वहीतही कवितेच्या नोंदी मागे लागल्यासारख्या येतात. मार्चमध्ये पुन्हा बसण्याचा विचार आहे. कवितेसाठी वेगळे काही करावे का?

खडूफळा | २२ डिसेंबर २०२५

अभिनंदन. चार महिन्यांत साठ गुण ही चांगली वाढ आहे, विशेषतः त्याआधी आठ आठवड्यांत वीस वाढले होते हे लक्षात घेता. मार्चमध्ये बसायला हरकत नाही. अनेक विद्यापीठे वेगवेगळ्या तारखांच्या परीक्षांतील प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, तेव्हा गणिताचे ७८० तेथे सुरक्षित आहेत. तिने मार्चची तयारी केवळ इंग्रजीची करावी.

कवितेबद्दल सांगतो. शाळेत मुलांना कवितेत प्रतीके शोधायला शिकवतात. नदी म्हणजे काळ, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य. त्या सवयीमुळे मुले येथे अडखळतात, कारण ती आजींचीच तक्रार झाली, लिहिलेले सोडून वाटलेले. या परीक्षेतील कवितेचा प्रश्न बहुधा अगदी जमिनीवरचा असतो. बोलणारा कोण, तो कोणाशी बोलतो आहे, आणि आरंभीच्या भावनेपासून शेवटच्या भावनेपर्यंत काही बदलले का? उताऱ्याच्या वरची परिचयाची ओळ मुले सोडून देतात, तिच्यात कवीचे नाव, रचनेचे नाव आणि साल असते आणि कधी कधी प्रसंगही सांगितलेला असतो. ती आधी वाचावी. मग कविता गद्यासारखी, वाक्यावाक्याने वाचावी. कर्ता आणि क्रियापद यांवर बोट ठेवावे आणि उलटापालट झालेला क्रम सरळ करून घ्यावा. 'बट', 'येट', 'स्टिल' असा शब्द आला की तेथे भावना वळते, आणि निम्म्याहून अधिक वेळा उत्तर त्या वळणाच्या पुढच्या अर्ध्यात असते.

शेवंती | २२ डिसेंबर २०२५

मार्चची नोंदणी आजच केली. आजींना कवितांचे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की कविता मराठीत सांगायची की इंग्रजीतच वाचून दाखवायची. घड्याळे मागे गेल्यामुळे आता कॉलच्या वेळी तिकडे साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे चहा आधीच झालेला असतो आणि त्यांना पूर्वीपेक्षा अधिक सवड असते.

खडूफळा | २३ डिसेंबर २०२५

दोन्ही. आधी इंग्रजीत मोठ्याने वाचावी, विरामचिन्ह असेल तेथेच थांबावे, ओळ संपली म्हणून थांबू नये. मग मराठीत दोन वाक्यांत सांगावी. पहिल्या आठवड्यात रोज एकच कविता घ्यावी आणि पर्याय झाकून ठेवावेत.